परळची प्रयोगशाळा आणि मराठवाड्याचा नमुना
टाटा रुग्णालयातील रक्तपेशी-परीक्षणाची वाटचाल

नांदेड-लातूरकडे कुणाला कर्करोगाची शंका आली की शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात, “टाटाला दाखवलं का?” रुग्णालयाचे पूर्ण नाव घेण्याची गरज कुणालाच वाटत नाही. नंदीग्राम नाहीतर लातूर एक्सप्रेसचे तिकीट, परळची रांग, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि हातात जाडजूड होत जाणारी फाईल एवढ्यातून ही संस्था आपल्या लोकांच्या ओळखीची झाली आहे. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमो यांबद्दल तिथून परतलेला माणूस भरभरून सांगतो. ज्या खोल्यांत तो कधी पाऊल ठेवत नाही, जिथे फक्त त्याच्या रक्ताची आणि मगजाची (अस्थिमज्जेची) नळी जाते, त्या प्रयोगशाळांविषयी मात्र आपल्याकडे फारसे लिहिले गेलेले नाही. या स्मरणिकेसाठी त्या प्रयोगशाळांचाच इतिहास निवडला आहे. त्यातही प्लाझ्मा पेशींच्या आजारांचे अगदी सुरुवातीचे निदान हा भाग मुद्दाम विस्ताराने घेतला आहे, कारण या निदानाची पहिली अर्धी वाट परळला सुरू होत नाही; ती आपल्याच तालुक्यांत सुरू होते.

संस्थेच्या जन्मामागे रक्ताचाच आजार होता. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये ल्युकेमियाने निधन झाले. पुढच्याच वर्षी पती सर दोराबजीही गेले. मेहेरबाईंच्या नावाने १९३२ मध्ये स्थापन झालेल्या न्यासाने ल्युकेमियाच्या संशोधनासाठी जगभर साहाय्य दिले, आणि सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पुढाकाराने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. सुरुवातीला खाटा होत्या ८०. कर्करोगावर स्वतंत्र रुग्णालय काढावे ही कल्पनाच तेव्हा आपल्या देशात नवी होती. त्या रुग्णालयात विकृतिशास्त्राला पहिल्या दिवसापासून मानाचे स्थान मिळाले, याचे श्रेय डॉ. वसंत रामजी खानोलकर यांना द्यावे लागते.

खानोलकर हे भारतातील आधुनिक विकृतिशास्त्राचे जनक मानले जातात. गाठ काढणारा सर्जन आणि गाठ वाचणारा पॅथॉलॉजिस्ट यांची पायरी एकच असली पाहिजे, हा आग्रह त्यांनी कामातून रुजवला. १९५२ मध्ये परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले, त्याचे ते संस्थापक संचालक. डॉ. कमल रणदिवे यांनी तिथे ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. जिवंत पेशी शरीराबाहेर काढून, टिकवून, तिला प्रश्न विचारायचे ही सवय मुंबईत त्या पिढीने लावली. आजच्या यंत्रांबद्दल बोलताना ही नावे मागे पडतात, म्हणून ती इथे आवर्जून घेतली. रुग्णालय १९५७ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेले. १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन संस्था एकत्र होऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. पुढे संशोधन शाखा खारघरच्या विस्तीर्ण आवारात गेली. ‘अ‍ॅक्ट्रेक’ या नावाने आपले डॉक्टर तिला ओळखतात.

रक्तरोगांच्या बाबतीत संस्थेच्या इतिहासातले मोठे वळण १९८३ चे. त्या वर्षी मार्चमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी ल्युकेमिया झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर अस्थिमज्जा प्रत्यारोपण यशस्वी केले. देशातले हे पहिले. प्रत्यारोपण सुरू झाले की प्रयोगशाळेवरची जबाबदारी बदलते. ‘आजार आहे की नाही’ एवढ्या उत्तरावर मग भागत नाही. कोणत्या प्रकारच्या पेशीचा आजार, तिच्या पृष्ठभागावर कोणत्या खुणा, उपचारानंतर त्यातल्या किती उरल्या, असे प्रश्न रोज समोर येतात. ही उत्तरे सूक्ष्मदर्शकाखाली पेशीचे रूप पाहून मिळत नाहीत. तिथे फ्लो सायटोमेट्री लागते.

या तंत्राचा वंश थोडा सांगतो. रक्तपेशी एकामागून एक बारीक छिद्रातून सोडून विजेच्या साहाय्याने मोजता येतात, हे अमेरिकेत वॉलेस कूल्टर यांनी दाखवले. त्यांचे पेटंट १९५३ चे. साठच्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्डमध्ये लेनर्ड हर्झेनबर्ग यांच्या गटाने चमकणाऱ्या रंगांच्या खुणेवरून पेशी निवडणारे यंत्र घडवले. पण रंग कुणाला चिकटवायचा? त्याचे उत्तर १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी दिले. एकाच लक्ष्याला नेमके चिकटणारे प्रतिपिंड हवे तेवढे तयार करण्याची रीत त्यांना सापडली, आणि १९८४ चे नोबेल त्यांना मिळाले. प्रतिपिंडाला रंग जोडा, तो पेशीला चिकटू द्या, पेशी लेझरसमोरून एकेक करून जाऊ द्या, आणि कोणत्या पेशीने कोणता रंग किती फेकला याची नोंद ठेवा. तत्त्व एवढेच. अवघड आहे ते पडद्यावर उमटलेल्या लाखो ठिपक्यांतून खरे काय ते ओळखणे.

टाटामध्ये ही विद्या प्रथम तीव्र ल्युकेमियाच्या निदानासाठी रुळली, कारण निकड तिथे होती. डॉ. सुमीत गुजराल, डॉ. पी. जी. सुब्रमणियन आणि पुढे डॉ. प्रशांत टेंभरे, डॉ. निखिल पाटकर यांच्या कामामुळे ही हिमॅटोपॅथॉलॉजी प्रयोगशाळा देशभरच्या पॅथॉलॉजिस्टांचे शिकण्याचे ठिकाण झाली. २००८ मध्ये मुंबईत झालेल्या राष्ट्रीय बैठकीत रक्त आणि लसिकापेशींच्या कर्करोगांसाठी फ्लो सायटोमेट्री कशी करावी, कोणते प्रतिपिंड किमान वापरावेत, अहवाल कसा लिहावा याची मार्गदर्शक तत्त्वे ठरली, आणि ती भारतीय नियतकालिकात प्रसिद्धही झाली. माझ्या मते संस्थेने केलेल्या कामात ही गोष्ट एखाद्या महागड्या यंत्राच्या खरेदीपेक्षा मोठी आहे. मुंबईतला अहवाल नांदेडच्या डॉक्टरला नीट वाचता यावा असे वाटत असेल, तर सर्वांची भाषा आधी एक हवी.

आता प्लाझ्मा पेशींकडे येऊ. शरीरात जंतू शिरला की त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवणाऱ्या या पेशी अस्थिमज्जेत राहतात. निरोगी माणसाच्या मज्जेत त्यांचे प्रमाण जेमतेम एक-दोन टक्के असते, आणि त्या अनेक कुळांच्या असतात. एखादेच कूळ बेसुमार वाढू लागले की ते एकाच साच्याचे प्रथिन रक्तात ओतत राहते. आपण त्याला एम प्रोटीन म्हणतो. आजार पूर्ण पेटला की तो मल्टिपल मायलोमा: हाडे पोखरली जातात, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात, रक्त कमी होते, कॅल्शियम चढते.

पण मायलोमा असा एका रात्रीत येत नाही. त्याआधी बरीच वर्षे तो गप्प असतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट काइल यांनी १९७८ मध्ये २४१ रुग्णांच्या नोंदींवरून या शांत अवस्थेला नाव दिले; डॉक्टर तिला एमजीयूएस म्हणतात. १९८० मध्ये त्यांनी आणि ग्राइप यांनी तिच्या पुढची, मायलोमाच्या उंबरठ्यावरची पायरीही वर्णन केली: स्मोल्डरिंग मायलोमा. अमेरिकेतल्याच ओल्मस्टेड परगण्यात पन्नाशी ओलांडलेल्या लोकांची तपासणी झाली तेव्हा सुमारे ३.२ टक्के लोकांत एमजीयूएस आढळला. २००२ मध्ये १,३८४ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला, त्यात दर वर्षी साधारण एक टक्का लोक पुढच्या आजाराकडे सरकतात असे दिसले. स्मोल्डरिंगमध्ये पहिल्या पाच वर्षांत हा वेग वर्षाला सुमारे दहा टक्के असतो, नंतर तो मंदावतो. २००९ मध्ये दोन स्वतंत्र अभ्यासांनी दाखवून दिले की मायलोमाच्या जवळपास प्रत्येक रुग्णात ही मूक पायरी आधी येऊन गेलेली असते.

म्हणजे शंभर एमजीयूएसवाल्यांतील नव्याण्णव जण या वर्षी ठणठणीत राहणार आहेत. त्यांना घाबरवायचे नाही. उरलेला एक कोण, हे ओळखायचे. संवेदनशील पेशीपरीक्षणाचे महत्त्व नेमके इथे आहे.

निरोगी प्लाझ्मा पेशीवर सीडी १९, सीडी ४५, सीडी २७ आणि सीडी ८१ या खुणा सहसा असतात. सीडी ५६ नसते. बिघडलेल्या पेशीवर सीडी १९ नाहीशी होते, सीडी ४५ आणि सीडी ८१ फिकी पडते, सीडी ५६ आणि कधी सीडी ११७ नव्याने उगवते. पण एका खुणेवर विसंबून चालत नाही, कारण निरोगी मज्जेतही सीडी १९ नसलेल्या थोड्या प्लाझ्मा पेशी असतातच. म्हणून पेशीच्या आतली प्रतिपिंडाची हलकी साखळी पाहतात. निरोगी गटात कॅपा आणि लॅम्डा हे तिचे दोन्ही प्रकार असतात, साधारण दोनास एक. संशयित गटात सगळ्याच पेशींमध्ये एकच साखळी सापडली, तर ते एकाच कुळाचे. डॉ. टेंभरे अमेरिकेतील बेथेस्डाच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत काम करत असताना याच प्रश्नावर त्यांचा अभ्यास झाला: मायलोमा आणि त्याच्या आधीच्या अवस्थांमध्ये निरोगी आणि बिघडलेल्या प्लाझ्मा पेशी वेगळ्या ओळखायला कोणत्या खुणा सर्वांत उपयोगी? तो २०१४ मध्ये ‘ल्युकेमिया रिसर्च’मध्ये आला. आपल्या राज्यातल्या प्रयोगशाळेचा माणूस या विषयाच्या मुळाशी जाऊन आलेला आहे, हे तरुण पॅथॉलॉजिस्टांनी लक्षात ठेवावे.

स्पेनमधील सालामांका गटाने २००७ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. मज्जेतल्या एकूण प्लाझ्मा पेशींपैकी ९५ टक्क्यांहून अधिक पेशी बिघडलेल्या असतील, म्हणजे निरोगी पेशी जवळजवळ हुसकावल्या गेल्या असतील, तर एमजीयूएस किंवा स्मोल्डरिंगचा रुग्ण लवकर पुढे सरकण्याची शक्यता बरीच जास्त. उलट निरोगी पेशींनी आपली जागा राखलेली असेल तर धीर धरता येतो. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय मायलोमा गटाने निदानाचे निकषही बदलले. मज्जेत ६० टक्के किंवा अधिक प्लाझ्मा पेशी, रक्तातील मुक्त हलक्या साखळ्यांचे गुणोत्तर १०० किंवा त्यावर, किंवा एमआरआयमध्ये एकाहून अधिक ठळक जागा, यांपैकी काहीही असल्यास हाड मोडण्याची वाट न पाहता उपचार सुरू करायचे. ‘लवकर’ या शब्दाला तेव्हापासून खरा अर्थ आला.

संवेदनशीलतेचे गणित सरळ आहे. एखादा बिघडलेला गट आहे असे खात्रीने म्हणायला किमान वीसेक पेशी एकत्र दिसाव्या लागतात. लाखात एक अशी पेशी पकडायची तर निदान वीस लाख पेशी यंत्रातून गेल्या पाहिजेत. युरोफ्लो गटाने २०१७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक नमुन्यातून सुमारे एक कोटी पेशी मोजतात आणि दहा लाखांत दोन इथपर्यंत पोचतात. हे सारे उपचारानंतर उरलेला आजार मोजण्यासाठी घडले. पण तीच नजर अगदी लहान कूळ असलेल्या आजारांतही कामी येते. एएल अमायलॉइडोसिस हे त्याचे उदाहरण. कूळ चिमुकले असते, आणि ते हृदय व मूत्रपिंड बिघडवून टाकते.

आणि आता आपला मराठवाडा. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, म्हणून नांदेडचा रुग्ण हैदराबादकडे पाहायचा. आजही अनेक जण तिकडेच जातात, कारण ते जवळ पडते. १९५६ मध्ये औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय निघाले, १९७४ मध्ये अंबाजोगाईला, १९८८ मध्ये नांदेडला आणि २००२ मध्ये लातूरला. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता तेव्हा, १९६६ मध्ये, डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे विवेकानंद रुग्णालय सुरू केले. डॉ. कुकडे यांना २०१९ मध्ये पद्मभूषण मिळाले. शेजारच्या बार्शीत नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे, आणि तिथे १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्यात आपल्याकडचे परंडा आणि भूम हे तालुके आहेत, ही गोष्ट आपल्याच लोकांना माहीत नसते. खेड्यातला कर्करोग घरोघर जाऊन मोजता येतो हे जगाला या भागाने दाखवले.

या संस्थांमुळे रुग्णाचे निदान गावाच्या जवळ आले. तरीही मायलोमा आपल्याकडे उशिराच सापडतो. साठीतला शेतकरी कंबर दुखते म्हणून येतो. कधी मणक्याची झीज म्हणून पट्टा मिळतो, कधी क्षयाची शंका येते. बाई थकते, तोंड पांढुरके दिसते, ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू होतात आणि तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन तिथेच असते. इथेच आपल्या पॅथॉलॉजिस्टने थांबायला हवे. ईएसआर शंभराच्या पुढे आहे का? स्मिअरमध्ये तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचलेल्या दिसतात का? एकूण प्रथिन जास्त आणि अल्ब्युमिन कमी आहे का? क्रिएटिनिन कारण नसताना चढलेले आहे का? हे सगळे उदगीर, देगलूर, निलंगा, हदगाव इथल्या साध्या प्रयोगशाळेत कळते. त्यापुढे सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिसची एक पट्टी. तीत टोकदार शिखर दिसले की मगच मुंबईच्या लेझरला काही काम मिळते. शंकाच आली नाही तर कोटी पेशी मोजणाऱ्या यंत्राचा आपल्याला काडीचाही उपयोग नाही.

शंका आली, की पुढे नमुन्याचा प्रवास. नांदेड ते मुंबई रेल्वेने सुमारे सहाशे किलोमीटर. प्लाझ्मा पेशी नाजूक असतात; वेळ जाईल तसतशी त्यांच्यावरची सीडी १३८ ही ओळखखूण झडू लागते, आणि दोन दिवसांनंतर आलेल्या नळीबद्दल कोणताही प्रामाणिक पॅथॉलॉजिस्ट ठाम बोलत नाही. म्हणून मगज काढणाऱ्याने काही गोष्टी पाळायच्या. पहिल्या ओढीतला नमुना घ्यायचा. पुन्हा पुन्हा ओढले की रक्त मिसळते आणि प्लाझ्मा पेशी विरळ होतात. ईडीटीएची जांभळ्या झाकणाची नळी वापरायची, हलक्या हाताने उलटीपालटी करायची, गोठवायची नाही. आठवड्याच्या अखेरीस नमुना काढून तो कुरियरच्या गोदामात पडू द्यायचा नाही. सोमवार ते बुधवार मगज काढला, रात्रीच्या गाडीने किंवा कुरियरने निघाला, की दुसऱ्या दिवशी तो पोचतो. सोबतच्या कागदावर वय, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, कॅल्शियम, एम प्रोटीनचा आकडा आणि चालू औषधे लिहिलेली हवीत. कोऱ्या कागदासोबत आलेल्या नळीवर कितीही हुशार माणूस बसला तरी अर्धेच उत्तर देतो.

रुग्णालाही समजावून सांगावे लागते. आपल्याकडे मगज काढणे आणि पाठीतले पाणी काढणे यांची गल्लत फार. सुई कमरेच्या मागच्या हाडात जाते, मणक्याच्या नळीत नाही, भूल दिलेली असते, आणि पाय लुळे पडत नाहीत, हे घरच्या मोठ्या माणसाला आधी सांगितले तर होकार लवकर मिळतो.

फ्लोच्या मर्यादाही इथे नोंदवतो, कारण अहवालाचा चुकीचा अर्थ लावल्याने रुग्णाचे नुकसान होते. फ्लोमध्ये प्लाझ्मा पेशींची टक्केवारी स्मिअर किंवा बायोप्सीपेक्षा सहसा कमी येते. त्या चरबीच्या कणांना चिकटून राहतात, हाताळताना फुटतात. तेव्हा दहा टक्के की साठ टक्के हा निर्णय स्मिअर आणि बायोप्सीवरच घ्यायचा. फ्लोने विचारायचे ते वेगळे: ज्या प्लाझ्मा पेशी मिळाल्या त्यांतल्या बिघडलेल्या किती, आणि निरोगी किती उरल्या. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. म्हणून मगज काढताना स्मिअरच्या काचा तिथल्या तिथे बनवायच्या, आणि त्या नांदेड-लातूरच्याच पॅथॉलॉजिस्टने आधी पाहायच्या.

पैशांचा विषय टाळता येत नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातल्या ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नांदेड होते. तीच आज महात्मा फुले यांच्या नावाने चालते. तिने कर्करोगाच्या उपचाराचा मोठा भार उचलला. निदान पक्के होण्याआधीच्या तपासण्यांचा खर्च मात्र अनेकदा घरातूनच निघतो, आणि आपला माणूस तिथेच मागे फिरतो. इलेक्ट्रोफोरेसिस आणि मुक्त साखळ्यांची चाचणी जिल्हा पातळीवर मोफत मिळावी, ही मागणी मराठवाड्यातल्या डॉक्टरांनी एकमुखाने लावून धरली पाहिजे असे मला तळमळीने वाटते.

ज्यांच्या अहवालात एमजीयूएस आणि कमी जोखीम असे लिहून आले, त्यांचे पुढे काय, हा प्रश्न शेवटी आपल्याकडेच परततो. त्यांना परळला पुन्हा पुन्हा जाण्याची गरज नसते. पहिल्या सहा महिन्यांनी आणि त्यानंतर जोखमीप्रमाणे वर्षाला किंवा दोन-तीन वर्षांनी एम प्रोटीन, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि कॅल्शियम पाहायचे. हे काम लातूर आणि नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयांत होऊ शकते, त्यासाठी एक नोंदवही आणि तारखेला फोन करणारा एक माणूस पुरतो. बार्शीच्या नोंदणीत गावागावात जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी १९८७ पासून असेच काम केले आहे.